वीस इंचांचे पट्टे

सत्तावीस वर्षं रोज पहाटे दव झाडल्यावर लोक माणसाला दुसरं काय म्हणणार? क्लबात सगळे त्यांना दवकाका म्हणत. सूर्य वर यायच्या आत ते हातात एक लांबलचक लवचिक काठी घेऊन लॉनवर उतरत आणि ती गवतावरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी फिरवत, की पात्यांच्या टोकांवर बसलेले थेंब झडून जमिनीत जिरत. लांबून बघणाऱ्याला वाटे, हा माणूस कुणावर तरी राग काढतोय. ऊन आलं की दव आपोआप जाणारच, मग ही यातायात कशाला, असं एखाद्या नव्या सभासदानं विचारलं, तर काका म्हणत, "चार तास डोकं ओलं ठेवून बसा, मग सांगतो."

याहून जास्त ते कुणालाच सांगत नसत. खरं कारण काही गुपित नव्हतं. बुरशीला ओलं पान लागतं. पान दोन तास कमी ओलं राहिलं तर तिचा जोर निम्म्यावर येतो. पण एवढं सोपं करून सांगितलं की आपली किंमतही तेवढीच सोपी होऊन बसते, असं काकांच्या मनात कुठेतरी पक्कं रुतलेलं होतं.

त्या क्लबातला खेळ पळापळीचा नव्हता. लॉनच्या एका टोकाला छोटा पांढरा गोळा ठेवायचा आणि दुसऱ्या टोकाकडून जड चेंडू असे सोडायचे, की ते घरंगळत जाऊन त्या गोळ्याला खेटून थांबावेत. खेळणारे बहुतेक निवृत्त, गुडघे धरून वाकणारे, पण चुरस अशी की एका बोटाच्या अंतरावरून दोन मित्र महिनाभर अबोला धरत. अशा खेळाला लॉन टेबलासारखं सपाट लागतं आणि गवत तीन मिलिमीटर, म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवली तर जेवढी उंची होईल तेवढंच. गवताला इतकं खुजं ठेवायचं म्हणजे त्याला कायम अर्धपोटी ठेवण्यासारखंच. अर्धपोटी जीव, त्यावर रोजचं पाणी, वर माणसांचे पाय. रोग शिरायला आणखी काय हवं?

काका त्या गवताकडे अशा नजरेनं बघत की त्यांची बायको कपाळाला हात लावी. शेजारणीला ती सांगायची, "मी नवी साडी नेसून तासभर समोर बसले तरी यांना दिसत नाही. पण तिकडे गवताला शिंक आली की हे इथे अंथरुणात उठून बसतात." शेजारीण हसे, आणि काकाही हसत, कारण ते खोटं नव्हतं.

त्यांच्या हाताखाली त्यांचा मेव्हणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. दारातून आत येताना मान वाकवावी लागे, म्हणून घरीदारी सगळे त्याला लांब्या म्हणत. आई लवकर गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. बहिणीनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत नेऊन सोडलं, त्याचं लग्न लावून दिलं. सहा वर्षांपूर्वी त्याचा कारखाना बंद पडला, तेव्हा तिनं नवऱ्यापाशी एकदाच विषय काढला. दुसऱ्यांदा काढावा लागला नाही. काकांनी सेक्रेटरीसाहेबांच्या पाठीमागे लागून त्याला क्लबात चिकटवला.

लांब्या कामाचा होता. अंगानं दणकट, तोंडानं गोड. सभासदांच्या पिशव्या गाडीपर्यंत पोचवी, कुणाची नात कितवीत आहे ते त्याच्या लक्षात असे. काका मात्र त्याला शिकवत ते हुकमानं. पाणी संध्याकाळी नाही, पहाटेच. का? कारण मी सांगतो. सरावाच्या लॉनवर घातलेले बूट मोठ्या लॉनवर नाहीत. एका लॉनवरचं कापायचं मशीन दुसऱ्यावर न्यायचं नाही, आणि नेलंच तर पाती पाण्यानं, मग औषधाच्या पाण्यानं धुऊन. सुरुवातीला लांब्यानं एकदोनदा विचारून पाहिलं, की एवढं धुवायचं कशासाठी. काका म्हणाले, "धू म्हणजे धू." त्यानंतर तो विचारायचा थांबला. काकांना वाटलं, पोरगा वळणावर आला.

हा सगळा प्रकार त्या वर्षीच्या उन्हाळ्यात अंगावर आला. आठवडाभर हवा कोंदटली होती. दिवसा उकाडा, आणि रात्रीसुद्धा अंगावर पांघरूण सहन होईना. अशा रात्री काकांना झोप लागत नसे. गवताचंही असंच होत असणार हे त्यांना ठाऊक होतं. वार्षिक सामने दोन आठवड्यांवर आले होते, बाहेरच्या सहा क्लबांचे लोक येणार होते. सोमवारी पहाटे ते सरावाच्या लॉनवर गेले आणि कडेलाच थबकले. ओल्या गवतावर हाताच्या पंजाएवढे काळपट, तेलकट डाग पडले होते आणि त्या डागांवर, कोळ्यानं घाईत विणावं तसं, पांढरं पांढरं काहीतरी पसरलं होतं.

क्लबातले लोक याला कापूस म्हणत. नेहमीचे नाण्याएवढे पिवळे डाग काकांना रोजचे होते. ते पडत, जात. कापूस मात्र त्यांनी सत्तावीस वर्षांत तीनदाच पाहिला होता. तो पाण्याबरोबर वाहतो, बुटाबरोबर चालतो, मशीनच्या पात्याला चिकटून फिरतो. दोन रात्रींत अख्खं लॉन संपवून टाकतो.

काकांनी त्या सकाळी आवाज न करता सगळं केलं. सरावाच्या लॉनभोवती दोरी बांधली. तिथलं पाणी बंद केलं, कापणं बंद केलं. औषध फवारलं, मोठ्या लॉनवरही आधीच फवारून ठेवलं. आणि मोठ्या लॉनचं मशीन तीनवरून पाच मिलिमीटरवर चढवलं, म्हणजे गवताला थोडं पान राहील, थोडी ताकद राहील. उंची बदलायला एक खास पाना लागे. तो पाना काम झाल्यावर नेहमी खिळ्याला अडकवलेला असे. त्या दिवशी काकांनी तो खिशात घातला. लांब्या शेजारीच उभा होता. "दोरीच्या आत पाय टाकायचा नाही," एवढंच काका त्याला म्हणाले. तो आजार काय आहे, कशानं पसरतो, सरावाच्या लॉनचं छोटं मशीन आता जणू आजाऱ्याचं भांडं झालंय, यातलं एक अक्षरही त्यांनी काढलं नाही.

बुधवारी सेक्रेटरीसाहेब बूट वाजवत आले. मोठ्या लॉनवर त्यांनी तीन चेंडू सोडले होते आणि तिन्ही अर्ध्या वाटेत बसले होते. हे लॉन आहे की गालिचा, असं त्यांनी विचारलं. पाहुणे येऊन हसतील म्हणाले. काकांनी समजावलं नाही. त्यांनी नुसतं सांगितलं, की सामन्यांच्या तीन दिवस आधी ते पायरी पायरीनं खाली आणतील, तोवर हात लावायचा नाही. साहेबांचा चेहरा आंबट झाला. क्लब आपला, कमिटी आपली, आणि आपल्याला माळ्यानं "हात लावायचा नाही" म्हणावं? ते काही न बोलता गेले. काकांना वाटलं, पटलं.

गुरुवारी काकांच्या बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तारीख दोनदा पुढे ढकलून झाली होती, दोन्ही वेळा गवतामुळेच. या खेपेला ती म्हणाली, की आंधळी झाले तर तुमचं हिरवं लॉनही मला काळंच दिसेल, एवढं लक्षात ठेवा. काका दुपारी निघाले. शुक्रवारी पूर्ण दिवस ते दवाखान्याच्या बाकावर बसून होते, आणि लांब्या फोनवर सांगत होता, सगळं ठीक आहे भाऊजी, तुम्ही ताईकडे बघा.

शनिवारी पहाटे काका काठी घेऊन मोठ्या लॉनवर उतरले, आणि काठी त्यांनी खालीच ठेवली.

गवत खुजं झालं होतं, तीन मिलिमीटर. आणि लॉनभर सरळ रेषेत काळपट पट्टे ओढलेले होते. पट्ट्यांच्या कडेला कापूस. काका गुडघ्यांवर बसले. खिशातून मोजपट्टी काढून त्यांनी पट्टा आडवा मोजला. वीस इंच. मोठ्या लॉनचं मशीन चोवीस इंची होतं. वीस इंची मशीन क्लबात एकच होतं, सरावाच्या लॉनचं. ते तीन मिलिमीटरवरच लावलेलं होतं, त्याला पाना लागत नव्हता.

पुढचं वाचायला मोजपट्टी नको होती. सरावाच्या लॉनकडून जिथे फाटक उघडतं, तिथला पहिला पट्टा सगळ्यात दाट होता. दुसरा जरा कमी. तिसरा, चौथा विरळ होत गेलेले, पात्याला चिकटलेलं झिजत गेलं तसे. आणि प्रत्येक टोकाला वळण असं ऐसपैस घेतलेलं, की ते घेणाऱ्याचे पाय किती लांब असतील तेही सांगता यावं. ओलावा अजून मुळांशी होता. कापून झाल्यावर संध्याकाळी वरून पाणीही मारलेलं होतं, लॉन चकचकीत दिसावं म्हणून. कुणी कागदावर सही करून ठेवावी तसा तो सगळा प्रकार गवतावर लिहिलेला होता. तो वाचू शकेल असा माणूस त्या क्लबात एकच होता.

दुपारी लांब्या बहिणीला बघायला घरी आला. ती डोळ्यावर हिरवी झापड लावून खुर्चीत बसली होती. काकांनी दार लावलं आणि उभ्याउभ्याच विचारलं, की गुरुवारी संध्याकाळी छोटं मशीन मोठ्या लॉनवर कुणी नेलं. लांब्यानं आधी बहिणीकडे पाहिलं. मग सांगितलं, साहेबांनी बोलावून घेतलं होतं. काका नाहीत तोवर कापून टाक म्हणाले, आल्यावर मी बघतो त्यांचं. मोठ्या मशीनची उंची उतरवायला पाना नव्हता, म्हणून छोटं नेलं.

"धुतलंस?"

"पाणी मारलं थोडं वरवर."

काकांच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्याजोगं नाही. आयत्या बिळावरचा नागोबा इथपासून सुरुवात झाली आणि लांब्याच्या खाल्ल्या मिठापर्यंत पोचली. बहीण मध्ये पडली नाही. लांब्या मान खाली घालून ऐकत राहिला, मग एकदम मान वर करून म्हणाला, "भाऊजी, सहा वर्षांत एकदा तरी सांगितलंत का, का धुवायचं ते? मला वाटायचं, तुम्हाला स्वच्छतेचं वेड आहे."

बाहेर कुणाची तरी सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. काकांनी त्या प्रश्नाला प्रश्नच मानलं नाही. उद्या कमिटी बोलावली आहे, ते म्हणाले. तिथे उभा राहून साहेबांनी सांगितलं होतं एवढं बोल, पुढचं मी बघतो. लांब्यानं मान हलवली. ती हो म्हणून हलली की नुसतीच, हे त्या वेळी कुणी पारखून घेतलं नाही. तो गेल्यावर बायको झापडीआडून म्हणाली, की तो बोलणार नाही. काका म्हणाले, तू वाढवलंयस ना त्याला. ती म्हणाली, म्हणूनच सांगते.

रविवारी सकाळी कमिटी क्लबाच्या लांब टेबलाभोवती बसली. अध्यक्ष होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांच्यापुढे पेन्सिलही तिरकी पडलेली चालत नसे. सेक्रेटरीसाहेबांनी विषय मांडला: सामने आठवड्यावर, लॉनची ही दशा, आणि काकांनी उंची वाढवण्याचा आपला हेका चालवला होता. ते खोटं काहीच बोलले नाहीत. फक्त गुरुवारची संध्याकाळ त्यांच्या बोलण्यात आलीच नाही. बुधवारवरून ते थेट शनिवारवर उतरले.

मोठ्या बाईंनी लांब्याला आत बोलावलं. शेवटचं कापणं कुणी केलं, त्यांनी विचारलं.

लांब्या चौकटीखाली मान वाकवून उभा होता. तो म्हणाला, "रोजचं कापणं भाऊजींच्याच हातात असतं, बाई."

हेही खोटं नव्हतं. सेक्रेटरीसाहेब छताकडे बघत होते, जणू तिथे कुठे गळतंय. आदल्या रात्री काकांनी ठरवलं होतं, की पोरगा बोलला नाही तर आपण गप्प बसायचं, बायकोसाठी. त्या एका वाक्यानं तो निश्चय पार धुऊन नेला. ते उठले आणि म्हणाले, "बाहेर चला. सगळ्यांनी."

कमिटी बाहेर आली. काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. मोजपट्टी टाकून पट्टे मोजून दाखवले, दोन्ही मशीनं शेजारी आणून उभी केली. पहिला पट्टा दाट का, चौथा विरळ का, कापूस पात्यावर बसून कसा प्रवास करतो, ओल्या रात्री तो किती झपाट्यानं चालतो. इतकं सुरेख सांगितलं, की मोठ्या बाई वाकून, चष्मा वर करून बघत राहिल्या. त्यांनी सरळ सेक्रेटरीसाहेबांना विचारलं, तुम्ही सांगितलं होतं? साहेब म्हणाले, कापायला सांगितलं होतं, हो. कुठलं मशीन न्यायचं हे सांगायला मी माळी थोडाच आहे?

मग बाई लांब्याकडे वळल्या. मशीन धुवायचं माहीत नव्हतं? लांब्यानं शाळेतल्या मुलासारखं खरं खरं सांगितलं. धुवायचं असतं हे माहीत होतं. रोग लागतो म्हणून धुवायचं असतं हे आज, आत्ता कळलं. आणि पाना काकांच्या खिशात होता.

सगळ्यांच्या नजरा काकांच्या खिशाकडे गेल्या. पाना तिथेच होता.

काकांच्या लक्षात आलं, की आपण आपल्याच तोंडानं सगळा पुरावा मांडून दिला आहे. ते जितकं नीट समजावत गेले होते, तितकंच उघड होत गेलं होतं, की हे एवढं सोपं होतं आणि त्यांनी ते सहा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. साहेबांना आयती वाट मिळाली. ते आवाज खाली आणून, अगदी वाईट वाटल्यासारखे म्हणाले, की काकांच्या ज्ञानाबद्दल प्रश्नच नाही. पण अख्ख्या क्लबाचं लॉन एका माणसाच्या खिशात, हे कसं चालेल? उद्या काका आजारी पडले तर? कमिटीतल्या माना हलू लागल्या. मोठ्या बाईंनी चष्मा खाली घेतला. त्या म्हणाल्या, "तुम्ही खरं बोललात, काका. पण मी चाळीस वर्षं शाळा चालवली. जो शिकवत नाही त्याच्याकडे मी वर्ग देत नाही."

साहेबांना कुणी काही विचारलं नाही. पुढच्या सोमवारपासून मोठं लॉन लांब्याकडे आणि काकांकडे फाटकाजवळचे वाफे, कुंड्या आणि कुंपणाची छाटणी. पगार तोच. पगार तोच आहे हे साहेबांनी दोनदा सांगितलं.

सामने झाले. त्यासाठी साहेबांनी कुठूनसा गवताला मारायचा हिरवा रंग मागवला आणि मेलेल्या पट्ट्यांवर फवारून घेतला. फोटोत लॉन अप्रतिम आलं. खेळताना चेंडूंना रंग लागला, चेंडूंचा हातांना आणि हातांचा पांढऱ्या कपड्यांना. पाहुण्यांपैकी एका आजोबांनी कपाळाचा घाम पुसला आणि ते दिवसभर हिरवं कपाळ घेऊन हिंडले. लोक पोट धरून हसले. काका कुंपणाआड कात्री घेऊन उभे होते. त्यांना हसू आलं नाही, आणि रडावं इतकंही ते गवत आता त्यांचं राहिलं नव्हतं.

घरी बायकोनं नवऱ्याला बोल लावला नाही आणि भावालाही तोडलं नाही. तिचा डोळा सुधारला. भाऊ तिला भेटायला यायचा तो काका कामावर असताना, आणि त्याचा कप धुऊन जागेवर ठेवलेला असे, तरी काकांना तो आल्याचं कळे. क्लबात समोरासमोर आले की लांब्या "भाऊजी" म्हणून मान लववी. काका कुंड्यांकडे बघत. त्यानं एकदा जवळ येऊन काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं. काकांनी कात्री अशी जोरात चालवली, की तो परत फिरला.

दोन महिन्यांनी पट्टे भरून आले. नेमकी तीच वेळ नाजूक असते. नव्या कोवळ्या गवतावर नाण्याएवढे पिवळे डाग दिसू लागले, आणि काका फाटकाजवळून रोज बघत राहिले. लांब्या दर आठवड्याला पाठीवर पंप लावून फवारत होता. प्रत्येक वेळी एकच डबा, लाल झाकणाचा. पहिल्यांदा डाग गेले. दुसऱ्यांदा उशिरा गेले. तिसऱ्यांदा ते जागचे हलले नाहीत.

शेडमध्ये औषधाचे तीन डबे असत: लाल झाकणाचा, पिवळ्या झाकणाचा आणि पांढऱ्या झाकणाचा. एकच औषध सारखं मारलं की बुरशी त्याला सरावते आणि मग त्याला भीक घालत नाही, हे कुठल्याही माळ्याला थोडंफार माहीत असतं. पण लाल आणि पिवळं ही नावानं आणि कंपनीनं वेगळी असली तरी आतून सख्खे भाऊ. दोघांचा मारा एकाच जागी. लालला सरावलेली बुरशी पिवळ्यालाही सरावलेलीच असते. वेगळ्या वाटेनं मारणारं एकच, पांढरं. म्हणून मध्ये पांढरं आलंच पाहिजे. हे काकांनी दोन उन्हाळे वाया घालवून स्वतः शोधून काढलेलं होतं.

एका सकाळी चहाच्या वेळी बायकोनं विषय काढला. लांब्या रडकुंडीला आलाय, म्हणाली. औषध लागू पडत नाही, साहेब रोज येऊन बोलतात. आता लॉन गेलं तर त्याला काढून टाकतील. तुम्ही सांगितलंत का त्याला काही?

"त्यानं विचारलं का?"

"विचारायला आला होता. तुम्ही कात्री वाजवलीत."

काका उठून दारापाशी गेले आणि बूट घालायला बसले. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. तीस वर्षं या माणसाच्या गप्प बसण्याशी संसार केल्यावर किती वेळ थांबायचं हे तिला नेमकं ठाऊक होतं. मग तिनं स्वतःच फोन उचलला. एवढी वर्षं जेवताना, निजताना या माणसाच्या तुटक बोलण्यातून तिनं जे वेचलं होतं, ते तिनं आपलं म्हणून जपून ठेवलेलं होतं. भावाला ती लहानपणी पाढे शिकवायची त्याच सुरात सांगू लागली, की एकच औषध सारखं मारू नकोस, बुरशी सरावते. पाणी पहाटेच दे. आणि औषध आलटून पालटून. "या आठवड्यात लाल, पुढच्या आठवड्यात पिवळं, मग परत लाल. असं चालू ठेव. पांढऱ्याला हात लावू नकोस, तो महागाचा डबा आहे, हे तो अडीनडीलाच ठेवायचे."

काकांचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. पांढरा डबा ते अडीनडीला ठेवत नसत. तो कमी लागे, म्हणून जास्त दिवस पुरे. तो नवा आणायचं बोलणं क्वचितच कानावर येई, म्हणून तिनं तसं धरलं होतं. तिला कधी कुणी समजावून सांगितलंच नव्हतं.

तिनं फोनवर हात ठेवला आणि दाराकडे मान वळवून विचारलं, "अहो, बरोबर सांगितलं ना मी?"

एक शब्द होता सांगायचा. तो जिभेवर आलाही. लॉनचं काय होणार ते काकांना आत्ताच दिसत होतं, महिन्याभरात, फाटकापासून सुरू होऊन. त्यांनी नाडीची गाठ घट्ट ओढली.

"बरोबर," ते म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. फोन कानाला लावत ती म्हणाली, "ऐकलंस ना? भाऊजीसुद्धा बरोबर म्हणतायत."